रुमालाला सीट नसते

माझ्या खुर्चीत दुसराच माणूस बसला होता आणि त्याच्या अंगात माझा शर्ट होता.

माझा म्हणजे माझाच नव्हे, पण हुबेहूब तसा. निळ्या चौकड्यांचा, अर्ध्या बाह्यांचा, खिशाला पेन लावलेला. त्याच्यापुढं कॉफीचे दोन कप होते. समोरची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर निळ्या काठाचा पांढरा रुमाल पसरलेला होता. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डोळ्यांवर काळा चष्मा होता. डॉक्टरांच्या हातून काहीतरी उलटसुलट जोडलं गेलं की काय, असं मला क्षणभर वाटलं.

मी टेबलाशी गेलो. "कोण तुम्ही?"

त्यानं मान न हलवता, ओठांच्या कोपऱ्यातून उत्तर दिलं. "फोटो काढायचा असला तर काढा लवकर. आणि त्या खुर्चीत बसायचं असलं तर काउंटरवरनं रुमाल घेऊन या. हा कंपनीचा हाय."

"मी विचारलं, कोण तुम्ही?"

"मी एकटे काका," तो म्हणाला.

याला आता बरीच वर्षं झाली. तो फूड मॉलही आता नाही, उड्डाणपूल झाला तेव्हा पाडला. पण हे सगळं कुठून सुरू झालं ते आधी सांगायला हवं.

मी हिंदुराव साळुंखे. नोकरीभर एसटीत कंडक्टर होतो, सातारा डेपोला. रिटायर झाल्यावर आम्ही गावाबाहेर हायवेला लागून फ्लॅट घेतला. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको शालन. मुलगी बडोद्याला दिलेली. फ्लॅटपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर तो मॉल होता. लांब काचा, गार हवा, फरशी इतकी चकचकीत की शालन पहिल्या दिवशी चपला काढायला लागली होती. प्रवासाला निघालेली माणसं तिथं थांबायची, खायची, पुढं जायची. आम्ही कुठंच निघालेलो नसायचो. तरी दुपारचा चहा टाळून रोज तिथं जायचो, एक कपल कॉम्बो घ्यायचो, म्हणजे दोन कॉफी आणि एक सँडविच, आणि चालत घरी यायचो. शालन त्याला 'प्रवासाला जाऊन येऊ' म्हणायची. इस्त्रीची साडी नेसायची. पाण्याची बाटली घ्यायची. एकदा तर डब्यात धपाटी घेतली होती.

टेबल ठरलेलं होतं. माझी पाठ जाड खांबाला टेकायची आणि समोरच्या काचेतून मला कोल्हापूरकडून येणाऱ्या गाड्या दिसायच्या. शालन माझ्यासमोर, काचेकडं पाठ करून. ती आली की आधी आपला रुमाल खुर्चीवर टाकायची आणि मग हात धुवायला जायची. जाताना सांगायची, "धरून ठेवा हं."

त्या वेळेला सगळा मॉल रिकामा असायचा.

मी म्हणायचो, "रुमालाला सीट नसते. माणूस दाखवा."

हे माझं ड्युटीवरचं वाक्य. गाडी स्टँडात लागली की खिडकीतून रुमाल, टोप्या, पिशव्या, एकदा तर लहान पोरगंसुद्धा आत टाकून जागा धरलेली असायची. मग भांडणं. मी सगळ्यांना एकच सांगायचो. रुमालाला तिकीट नाही, रुमालाला सीट नाही, माणूस दाखवा. शालनला हे पाठ होतं. "दाखवते की," म्हणायची आणि हात धुवायला जायची.

बसल्यावर आमचं एकच काम, गाड्या बघायचं. मी सांगायचो, "बेळगाव–पुणे गेली. लेट आहे." मग विचारायचो, "पुण्याकडून काय आलं?" कारण माझ्या मागं खांब असला तरी त्याच्या दोन्ही बाजूंनी तिला तिकडचा रस्ता दिसणार, असा माझा हिशेब.

ती माझ्याकडं बघत म्हणायची, "आली एक. लाल."

"कुठली?"

"पाटी नाही वाचता आली."

"सगळ्याच लाल कशा असतील? निमआराम हिरवी असते."

"मला तर लालच दिसतात बाई."

मी एकदा म्हणालो, जागा बदलू, इकडून बरं दिसतं. ती म्हणाली, "राहू दे. मला इथून छान दिसतं."

शालन श्रावणात गेली. झोपेतच. सकाळी चहाला उठली नाही एवढंच.

त्यानंतर मी महिनाभर तिकडं गेलो नाही. मग एक दिवस गेलो. काउंटरवरच्या पोरीनं सवयीनं कपल कॉम्बोच दिला. मी तो घेऊन टेबलाशी गेलो, खिशातून शालनचा रुमाल काढला आणि तिच्या खुर्चीवर टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. ती हात धुवायला गेलीय, असं धरून मी बसलो. कॉफी गार होईपर्यंत बरं वाटलं. मग रोज जायला लागलो. गाड्या सांगायचो. 'पुण्याकडून काय आलं' असं विचारायचोही, पण हळू.

एक चित्रकार पोरगी मला तिथंच भेटली. अनुजा पेंढारकर नाव. बाहेर जीप लावून आत यायची आणि समोर काचेशी मोठी वही घेऊन बसायची. मला वाटलं, आरटीओची असेल, गाड्या मोजतेय. एक दिवस मोठा कॅनव्हास घेऊन आली आणि माझ्यापुढं उभा केला.

चित्रात मी होतो. दोन कप, पुढं पाठमोरी खुर्ची, खुर्चीवर रुमाल. मागं खांब, खांबाच्या एका बाजूला आइस्क्रीमचं कपाट, दुसऱ्या बाजूला खाण्याचा भला मोठा बोर्ड.

"मी हायवेकडची माणसं काढते, काका," ती म्हणाली. "टोलनाका, पेट्रोलपंप, असे मॉल. सगळेजण काहीतरी विकत घेऊन बसलेले असतात आणि कुणीच कुणाशी बोलत नसतं."

"मी बोलत होतो की."

"हो, तुमचं तोंड हलत होतं. मी ते मिटवलं."

"का?"

"चित्रात विचित्र दिसत होतं."

मी पुन्हा नीट बघितलं. "रस्ता कुठंय?"

"कुठला रस्ता?"

"पुण्याकडचा. तुम्ही नुसता खांब काढलाय आणि हे कपाट. समोरच्या खुर्चीतनं मागचा रस्ता दिसतो."

"नाही दिसत, काका. मी बरोब्बर त्या खुर्चीच्या मागं बसून काढलंय."

"माझी बायको तिथं बसायची. तिला सगळ्या गाड्या दिसायच्या."

तिनं खुर्चीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुम्ही स्वतः एकदा तिथं बसून बघा ना."

"तिथं मी बसत नाही," मी म्हणालो. आणि मनात म्हटलं, पोरीचं शिक्षण अर्धवट राहिलेलं दिसतंय.

ते चित्र मॉलच्या कंपनीनंच विकत घेतलं आणि त्याच खांबावर, माझ्या डोक्याच्या वर लावलं. खाली पितळी पट्टी: 'एकटे काका'. आता मी माझ्याच चित्राखाली बसायला लागलो. आधी लोक एकदा चित्राकडं आणि एकदा माझ्याकडं बघून हसायचे. मग फोटो काढायला लागले. मग शनिवार-रविवार पुण्याहून खास यायला लागले.

मॅनेजर निनाद म्हणून होता. पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्या गळ्यात सतत एक बिल्ला आणि तोंडात सतत एक स्कीम असायची.

"काका, तुम्ही आमचं ब्रँडिंग झालात," तो म्हणाला. "आजपासून कॉफी आमच्याकडनं. आणि हे बघा."

काउंटरवर नवा बोर्ड लागला होता. 'एकटे काका कॉम्बो: एक कॉफी, एक पफ, एक रुमाल.' रुमाल निळ्या काठाचा, पांढरा. कंपनीनं गठ्ठ्यांनी करून घेतले होते.

"हा रुमाल कशाला?"

"एक्सपीरियन्स, काका. लोक येतात, समोरच्या खुर्चीवर रुमाल टाकतात, बसतात, फोटो काढतात. सगळ्यांना आवडतोय एकटेपणा."

मला कॉफी नको होती. मला ती खुर्ची रिकामी हवी होती, कॉफी गार होईपर्यंत. तेवढंही मिळेना. मी शालनचा रुमाल टाकला रे टाकला की कुणीतरी येऊन त्यावर दुसरा टाकायचं. एका रविवारी नवराबायको आले. बाई थेट खुर्चीशी.

"काका, जागा रिकामीच आहे ना?"

"नाही. रुमाल आहे."

"पण माणूस?"

जन्मभर मी जे लोकांना विचारलं ते मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "येतंय."

तिच्या नवऱ्यानं वर चित्राकडं बघितलं. "अगं, बस तू. चित्रातपण कुणी नाहीये. ती रिकामीच असते."

आणि ती बसली. शालनच्या रुमालावर.

"उठा!" मी ओरडलो. "आधी उठा! रुमाल द्या तो!"

बाई दचकून उठली, रुमाल उचलून तिनं उलटसुलट केला. "अय्या, हा ओरिजिनल आहे का?"

संध्याकाळी निनाद मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुम्ही कस्टमरवर ओरडलात."

"मग काय करू?"

"चित्रात तुम्ही ओरडत नाही."

"तर मग ते चित्र काढून टाका."

"आता कसं काढणार? हेड ऑफिसनं सगळ्या मॉलना प्रिंट पाठवलीय. हुबळीपर्यंत तुम्ही बसलेले आहात."

त्यानंतर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बडोद्याहून मुलगी आली. काही आठवडे मला घराबाहेर पडायची बंदी. मला एकच काळजी. मी निनादला फोन केला. "मी येईपर्यंत खुर्ची धरून ठेव. कुणाला बसू देऊ नको."

"काका, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "तुमची जागा मी धरून ठेवतो."

आणि त्यानं धरली. फक्त शालनची नव्हे, माझी. माणूस बसवून.

"मी आत्माराम शिर्के," तो माणूस मला म्हणाला. आता फोटोवाले जरा कमी झाले होते म्हणून तो मोकळेपणानं मान हलवत होता. "गावच्या जत्रेत नाटकात म्हाताऱ्याची कामं करायचो, वीस वर्षांचा होतो तेव्हापासनं. आता मेकअप लागत नाही. ह्यांनी जाहिरात दिली होती, मी आलो."

"आणि दिवसभर काय करता?"

"एकटा बसतो."

त्याच्या खिशात फोन वाजला. "हां, बोल… जेवलो गं. भाजी संपवली… अगं ड्युटीवर हाय मी, एकटा बसलोय, किती वेळा फोन करतीस?" त्यानं फोन ठेवला. "मंडळी आहेत घरी. रिटायर झाल्यापासनं घरात बसू देत नाहीत आणि बाहेर गेलो की फोन करत्यात. तुमच्या?"

मी चित्राकडं बोट केलं. "तो मी आहे."

त्यानं वळून चित्र बघितलं, मग मला. "न्हाई हो. तुमचं नाक वेगळं हाय."

तेवढ्यात निनाद धावत आला. "काका! चष्म्यात ओळखूच आला नाहीत!" त्यानं माझा हात हातात घेतला, आणि मग त्याचा आवाज खाली आला. "असं आहे, काका. चित्रात चष्मा नाहीये. तेव्हा चष्मा जाईपर्यंत यांनाच बसू द्या. आणि खरं सांगू? राग मानू नका. यांचा फीडबॅक चांगला आहे."

"कशाचा फीडबॅक?"

"एकटेपणाचा. लोक म्हणतात, हे जास्त खरे वाटतात. तुम्ही सारखे इकडंतिकडं बघायचात, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलायचात. हे मस्त गप्प बसतात. नाही का?"

"मी भूमिकेत असतो," आत्माराम म्हणाला.

निनादला काउंटरवरून हाक आली, तो गेला. शाळेची सहल उतरली होती, सगळी टेबलं भरली होती. मी उभाच होतो. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एवढं चाललो होतो, पाय भरून आले होते, आणि त्या सगळ्या मॉलमध्ये एकच खुर्ची रिकामी होती.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तिथं नका बसू," आत्माराम म्हणाला. "जागा धरलीय."

"कुणासाठी?"

"ते मला सांगितलेलं न्हाई. चित्रात रुमाल हाय म्हणून मी टाकतो."

माझा आवाज अगदी आपोआप ड्युटीवरचा निघाला. शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघायला लागली. "रुमालाला सीट नसते. माणूस दाखवा."

आत्माराम काय दाखवणार? त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि हात वर केले.

मी रुमाल उचलला. कोरा, खळीचा, कडक. घडी करून त्याच्या कपाशेजारी ठेवला. शालनचा माझ्या खिशात होता, तो मुठीत घेतला आणि तिच्या खुर्चीत बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

समोर खांब होता. डावीकडं आइस्क्रीमचं कपाट. उजवीकडं तो भला मोठा बोर्ड. उभ्या माणसाला कपाटावरून मागचा रस्ता थोडा दिसत असेल, बसलेल्याला नाही. मी चष्मा वर केला. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तरी केला. डावीकडं सरकून बघितलं, उजवीकडं सरकून बघितलं. मान ताणून बघितली. रस्ता दिसेना. पुण्याकडचा नाही आणि कुठलाच नाही. एकही गाडी दिसेना. लाल नाही, हिरवी नाही.

दिसत होता तो फक्त समोर बसलेला माणूस. निळ्या चौकड्यांच्या शर्टातला, खिशाला पेन लावलेला, तोंड रस्त्याकडं करून बसलेला. आणि त्याच्या डोक्यावर चित्रात पुन्हा तोच.

'मला इथून छान दिसतं.'

पोरीनं बरोबर काढलं होतं.

मी चष्मा खाली घेतला. आत्माराम माझ्याकडं बघत होता. "काय झालं हो? डोळ्यात पाणी येतंय."

"ऑपरेशन झालंय."

"मग बसा जरा. बसा, बसा. मी निनादसायबाला सांगतो, पाव्हणे आहेत म्हणून." त्यानं गार झालेला दुसरा कप माझ्याकडं सरकवला. मग पुन्हा भूमिकेत गेला. पण त्या खुर्चीचा गुणच तसा असावा. जरा वेळानं त्याची नजर माझ्या खांद्यावरून काचेबाहेर गेली आणि तो पुढं झुकला.

"बघा, बघा, सांगली–स्वारगेट गेली. काय भरलीय! माणसं दारात उभी हायत." तो खुशीत आला होता. मग खांबाकडं अंगठा करून त्यानं मला विचारलं, "आणि पुण्याकडनं? तुमच्या बाजूनं काय दिसतंय?"

मी त्याच्याकडं बघितलं.

"आली एक," मी म्हणालो. "लाल."